लुकुगा वाहते की नाही? टांगानिकाच्या सरकत्या काठाची गोष्ट

टांझानियात, टांगानिका सरोवराच्या पूर्व काठावर उजीजी नावाचं जुनं गाव आहे. तिथे एका आवारात आंब्याची झाडं आणि एक स्मारक आहे. हेन्री स्टॅन्ली आणि डेव्हिड लिव्हिंगस्टन यांची १८७१ सालची ती प्रसिद्ध भेट इथेच झाली, असं मानतात. मूळ झाड १९२०च्या दशकात गेलं. आजची झाडं त्याच्याच कलमांची आहेत, असं तिथे सांगतात.

आता स्टॅन्लीचं पुस्तक वाचून तुम्ही तिथे गेलात, तर थोडा गोंधळ होईल. पुस्तकातलं उजीजी पाण्याला चिकटलेलं आहे. बाजार काठावर, होड्या समोर, सकाळी फिरायला वाळूचा पट्टा. स्मारकापाशी उभं राहिल्यावर मात्र पाणी काही शे मीटर दूर दिसतं. मधे घरं आहेत, बागा आहेत, शेती आहे.

म्हणजे स्टॅन्लीने चुकीचं लिहिलं? की स्मारक चुकीच्या जागी बांधलं? दोन्ही नाही. तळंच सरकलं.

माझ्या संशोधनाचा विषय साधारण हाच आहे: प्रवाशांच्या डायऱ्या, मिशनऱ्यांची पत्रं, नकाशे यांच्यावरून पूर्व आफ्रिकेतल्या तळ्यांच्या जुन्या पातळ्या कशा शोधायच्या. मागच्या वेळी तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं की "हा इतिहास आहे की भूगोल?" आज टांगानिकाचं उदाहरण घेऊन सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आधी जागा नीट समजून घेऊ. पूर्व आफ्रिकेची जमीन लाखो वर्षांपासून ताणली जातेय, आणि त्या ताणाने जी लांबलचक खचदरी तयार झाली तिच्या पश्चिम शाखेत टांगानिका आहे. लांबी सुमारे ६७० किलोमीटर, रुंदी सरासरी फक्त ५०. खोली जास्तीत जास्त सुमारे १,४७० मीटर. सैबेरियातल्या बैकलनंतर जगातलं सगळ्यात खोल तळं हेच. आज चार देश त्याच्या काठावर आहेत: टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया.

शाळेत खचदरीची आकृती काढताना आपण दोन्ही बाजूंना सारख्या उभ्या भिंती काढायचो. प्रत्यक्षात असं क्वचित असतं. जमीन एका बाजूच्या मोठ्या भ्रंशावर खचते आणि दुसऱ्या बाजूला तिरकी होते. अर्धवट उघडलेल्या ट्रंकेच्या झाकणासारखी. टांगानिकाच्या लांबीत ही उभी बाजू कधी पूर्वेला, कधी पश्चिमेला अशी आलटून पालटून येते. त्यामुळे काही ठिकाणी डोंगर थेट पाण्यात उतरतो, आणि काही ठिकाणी काठ इतका सपाट की पाणी एक मीटर चढलं तर गावच्या गाव ओलं होतं. पुढे सगळं यावर येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा. पातळी सगळीकडे सारखीच बदलते, पण *काठ* सगळीकडे सारखा सरकत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. पाणी येतं ते थेट पावसातून आणि नद्यांतून: उत्तरेकडून किवू सरोवराचं पाणी घेऊन येणारी रुझिझी, पूर्वेकडून मलागारासी, शिवाय डोंगरांवरून येणारे असंख्य ओढे. पाणी जातं ते मुख्यतः हवेत. जाणाऱ्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बाष्पीभवनाने जातं. बाहेर पडणारी नदी एकच, पश्चिम काठावरची लुकुगा, जी पुढे लुआलाबाला, म्हणजे काँगो नदीला मिळते. तिचा वाटा अगदी लहान. तळ्याचं क्षेत्रफळ सुमारे ३२,९०० चौरस किलोमीटर. पातळी एक मीटर चढणं म्हणजे जवळजवळ ३३ घन किलोमीटर पाणी वाढणं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोयनेसारखी अकरा धरणं काठोकाठ भरतील एवढं. आणि हे केवळ पाऊस आणि ऊन यांचं पारडं थोडंसं कलल्याने होऊ शकतं.

आता माणसांकडे येऊ.

रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक फेब्रुवारी १८५८ मध्ये उजीजीला पोचले. बर्टनला धड चालता येत नव्हतं आणि स्पीकला डोळ्यांच्या आजारामुळे धड दिसत नव्हतं, त्यामुळे तळं "शोधणारे" हे दोघे पहिल्या दिवशी काय पाहू शकले हा प्रश्नच आहे. (तळ्याच्या काठावर राहणाऱ्यांना ते आधीपासून सापडलेलंच होतं, हे वेगळं सांगायला नको. अरब-स्वाहिली व्यापारीही आधीच येऊन राहिले होते.) त्यांना एकच गोष्ट हवी होती: नाईलचा उगम. उत्तर टोकाची रुझिझी जर तळ्यातून *बाहेर* जात असेल, तर तीच नाईल ठरण्याची शक्यता होती. दोघे होडीतून उविरापर्यंत गेले, पण रुझिझीपर्यंत पोचले नाहीत. ती आत येते असं तिथल्या लोकांनी सांगितलं.

हे "लोकांनी सांगितलं" कसं घडायचं, ते बघण्यासारखं आहे. मोहिमेत सिदी मुबारक बॉम्बे नावाचा माणूस होता. मूळचा याओ, लहानपणी गुलाम म्हणून पकडून भारतात विकला गेलेला. मालक वारल्यावर सुटका होऊन परत झांझिबारला आलेला. नावातलं बॉम्बे तिकडूनच चिकटलेलं. स्पीकला स्वाहिली येत नव्हती, म्हणून तो बॉम्बेशी हिंदुस्तानीत बोलायचा. बर्टनने तर मुंबईच्या लष्करात असताना चक्क मराठीची परीक्षाही दिली होती. म्हणजे काठावरच्या कोळ्याचं वाक्य आधी स्वाहिलीत, मग हिंदुस्तानीत, मग इंग्रजीत, आणि मग लंडनच्या नकाशावर. स्पीकने स्वतःच नोंदवलंय की एका व्यापाऱ्याने नदी बाहेर वाहते असं सांगितलं, आणि नंतर बॉम्बे म्हणाला, तसं नाही, त्याला आत वाहते असंच म्हणायचं होतं. एका क्रियापदावर नाईलचा उगम अडकला होता!

हा वाद मिटला नोव्हेंबर १८७१ मध्ये, स्टॅन्ली आणि लिव्हिंगस्टन मिळून उत्तर टोकाला गेले तेव्हा. रुझिझी आत येते. नाईल संपली.

पण मग दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि माझ्या दृष्टीने तोच जास्त भारी आहे. एवढ्या नद्या आत येतात, पाणी गोडं आहे, मग ते बाहेर कुठून जातं? बाहेर जायला वाट नसलेली तळी हळूहळू खारट होतात. टांगानिका तसं नाही.

मे १८७४ मध्ये व्हर्नी कॅमेरॉन दक्षिण आणि पश्चिम काठ होडीने धुंडाळत लुकुगाच्या तोंडाशी पोचला. (सिदी मुबारक बॉम्बे याही मोहिमेत होता.) त्याला एक रुंद मुख दिसलं, तळ्यातून बाहेर जाणारा अगदी मंद प्रवाह दिसला, आणि थोडं आत गेल्यावर तरंगत्या गवताचा नि पपायरसचा इतका दाट गच्च थर लागला की होडी पुढे सरकेना. तिथल्या मुखियाने सांगितलं, आमची माणसं याच नदीच्या काठाने चालत जातात, ती पुढे लुआलाबाला मिळते. कॅमेरॉनने लिहिलं: निर्गम सापडला.

दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, स्टॅन्ली आपली होडी घेऊन आला आणि ५१ दिवसांत अख्ख्या तळ्याला फेरी मारली. लुकुगाला आल्यावर त्याने प्रवाह तपासला. पाणी वाऱ्याबरोबर आतबाहेर होतंय, पण सलग वाहत नाहीये. पुढे चिखलाचा बांध आणि पपायरस. त्याने लिहिलं: ही अजून निर्गम नाही, पण तळं चढतंय, आणि लवकरच होईल.

लंडनमध्ये यावरून बरंच भांडण झालं. कॅमेरॉन खरा की स्टॅन्ली? आणि गंमत म्हणजे डिसेंबर १८७९ मध्ये जोसेफ थॉमसन लुकुगाला पोचला तेव्हा समोर खळाळणारी, जोरदार वाहणारी नदी होती. लंडन मिशनरी सोसायटीचा एडवर्ड हॉर यानेही त्याच वर्षी ती वाहताना पाहिली होती.

सुरुवातीला मीही यातलं कोण चुकलं ते शोधायला बसले होते. पहिल्या वर्षी मी एक मोठा तक्ता केला होता, प्रत्येक प्रवाशाने दिलेली तळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची घेऊन. छान आलेख येईल असं वाटलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी तो पाहिला आणि फक्त विचारलं, "यांनी उंची मोजली कशी?"

उकळत्या पाण्याने. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यावरून उंची काढायची. तापमापी एक अंश फॅरेनहाइट चुकला की उत्तर पाचशेहून जास्त फुटांनी चुकतं. बर्टन-स्पीकच्या मापाने टांगानिका साधारण १,८५० फुटांवर होतं. खरी उंची २,५००च्या वर आहे. कॅमेरॉनची उंची उलट जास्त आली. माझा आलेख म्हणजे तळ्याचा नव्हे, तापमाप्यांचा इतिहास होता. तीन महिने पाण्यात गेले, शब्दशः.

मग जुन्या पातळ्या कळतात कशावरून? झाडांवरून. १८७१ मध्ये उजीजीच्या बाजारात उभी असलेली पामची झाडं १८७६ मध्ये परत आल्यावर स्टॅन्लीला पाण्यात उभी दिसली. लिव्हिंगस्टनबरोबर ज्या वाळूवर तो फिरायचा ती वाळू तळ्याखाली गेली होती. हे त्याने काही मोजमाप म्हणून लिहिलेलं नाही, आठवण म्हणून लिहिलं. पण उकळत्या पाण्याच्या शंभर नोंदींपेक्षा ही एक नोंद मोलाची आहे, कारण ती एकाच माणसाने एकाच जागी दोनदा पाहिलेली आहे.

हा निकष लावला की सगळा पट सरळ होतो. कॅमेरॉन, स्टॅन्ली आणि थॉमसन यांनी वेगवेगळ्या नद्या पाहिल्या, एवढंच. बरीच वर्षं कोरडी गेलेली असणार. तळं लुकुगाच्या उंबऱ्याच्या खाली उतरलेलं. त्या काळात आजूबाजूच्या ओढ्यांनी नदीच्या पात्रात गाळ आणून टाकला, वर गवत माजलं, वाट बुजली. नंतर ओली वर्षं आली. तळं चढू लागलं, पण बाहेर जायला दार नव्हतं, म्हणून नेहमीच्या उंबऱ्याच्याही वर चढत राहिलं. कॅमेरॉनला थोडं झिरपणारं पाणी दिसलं, स्टॅन्लीला अडलेलं. १८७८च्या सुमारास पाण्याने बांध ओलांडला, आणि गाळाचा बांध एकदा कापला जायला लागला की थांबत नाही. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत तळं सुमारे दहा मीटर उतरलं. कोयनेच्या हिशेबात शंभराहून जास्त धरणं.

उजीजीचं काय झालं ते आता तुम्हाला कळलंच असेल. पाणी दूर गेलं, उरला उथळ काठ. १९१४ मध्ये जर्मनांची रेल्वे तळ्यापर्यंत आली ती उजीजीला नाही, शेजारच्या किगोमाला, कारण तिथे खोल खाडी होती. शतकभराच्या व्यापाराचं गाव बाजूला पडलं.

एक प्रश्न मात्र मला सतावतो. १८५८, १८७१ आणि १८७४ या तिन्ही वेळा हा काठ पाहिलेला माणूस एकच: सिदी मुबारक बॉम्बे. बर्टन-स्पीकबरोबर, मग स्टॅन्लीबरोबर, मग कॅमेरॉनबरोबर. सोळा वर्षांत पाणी किती चढलं हे त्याच्याइतकं चांगलं सांगू शकणारं कुणी नव्हतं. त्याला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं पदक मिळालं, निवृत्तिवेतन मिळालं. पण पाण्याबद्दल त्याला कुणी विचारल्याचं मला कुठे आढळलेलं नाही. लिव्हिंगस्टनबरोबर १८६६ मध्ये निघालेली नऊ मुलंही अशीच. ती नाशिकहून गेली होती! समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला आश्रम चालवला होता. आज शरणपूर रोडने जाताना त्याची आठवण कुणाला होत नाही. मोहिमांच्या कागदांत या मुलांना 'नासिक बॉइज' म्हणतात. त्यातला एडवर्ड गार्डनर लिव्हिंगस्टनच्या शेवटापर्यंत सोबत होता. नंतर येऊन मिळालेला, शरणपूरलाच शिकलेला जेकब वेनराइट तर इंग्रजीत डायरी लिहायचा. त्या डायरीत तळ्याची पातळी शोधणं हा माझा जरासा वेडेपणा आहे, हे मान्य.

आता हवामानाकडे. १८७७-७८ हे वर्ष आपल्याला वेगळ्या कारणासाठी माहीत आहे. दख्खनचा मोठा दुष्काळ, १८७६ ते ७८. सोलापूर, नगर, पुणे, सातारा. लाखो माणसं गेली. १८७७चा एल निनो नोंदींमधल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक. त्याच वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग, म्हणजे आफ्रिकेकडचा, नेहमीपेक्षा तापला आणि पूर्व भाग गार पडला. असं झालं की पूर्व आफ्रिकेत ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस धो धो पडतो. व्हिक्टोरिया सरोवरही १८७८ मध्ये खूप उंच चढलेलं होतं. टांगानिका आधीपासून काठोकाठ होतंच. शेवटचा धक्का या पावसाने दिला असं मला वाटतं. एका समुद्राच्या एका काठावर रिकामे आड आणि दुसऱ्या काठावर फुटलेला बांध, एकाच वर्षात.

समुद्राची ही स्थिती परत आली १९६१ मध्ये. त्या वर्षी आपल्याकडे मोसमी पाऊस विक्रमी होता. (पानशेत त्याच जुलैत फुटलं, ते मात्र अर्धवट बांधकामामुळे, त्याचा दोष समुद्रावर टाकता येणार नाही.) पुढच्या तीन वर्षांत टांगानिका चढत चढत १९६४ मध्ये ७७७ मीटरच्या आसपास गेलं. मग २०१९: आपल्याकडे सांगली-कोल्हापूरचा पूर, आणि पाठोपाठ पूर्व आफ्रिकेतली जवळजवळ सगळी खचदरीतली तळी वाढली. मग २०२३, सोबत एल निनो, त्यामुळे आपल्याकडे पाऊस कमी आणि तिकडे पुन्हा प्रचंड. २०२४ मध्ये टांगानिका परत १९६४च्या पातळीपाशी पोचलं.

यावेळी काठावर माणसं होती. बुरुंडीत बुजुम्बुराच्या पश्चिमेला, रुझिझीच्या मुखाजवळच्या सपाट जमिनीवर गातुम्बा आहे. तिथली हजारो कुटुंबं २०२० पासून पुन्हा पुन्हा घर सोडतायत. बातम्यांमध्ये वाक्य येतं की तळं "आपली हद्द सोडून" शहरात घुसलं. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने हात वर करायला हवा. १८७८ची रेषा २०२४च्या पाण्यापेक्षाही सहा-सात मीटर *वर* होती. बुजुम्बुरा शहराची सुरुवातच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, जर्मन लष्करी ठाणं म्हणून झाली, म्हणजे पाणी ओसरल्यानंतर. रुझिझीच्या मुखाकडचा सपाट भाग बराचसा तेव्हा तळ्याचा तळ होता.

याचा अर्थ "तिथे राहू नका" असा सरळ निघत नाही. एक तर लुकुगाचं दार आता उघडं आहे, त्यामुळे ७८४ मीटरपर्यंत पाणी परत जाणं अवघड आहे. दुसरं म्हणजे, गरीब माणूस सपाट जमिनीवर घर बांधतो कारण बाकीची जमीन दुसऱ्याची असते. पण प्रश्न खरा आहे. बुरुंडीच्या पाणी कायद्यात तळ्याच्या काठापासून १५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायची तरतूद आहे. १५० मीटर कुठल्या काठापासून? १९६४च्या? २००६ साली पाणी खाली होतं तेव्हाच्या? काँगोकडच्या उभ्या कड्यावर या दोन रेषांत काही पावलांचं अंतर असेल, रुझिझीच्या मैदानात एक अख्खी वस्ती बसते. कायदा लिहिणाऱ्यांनी काठ ही स्थिर गोष्ट धरली. तो इथे कधीच स्थिर नव्हता. भूवैज्ञानिकांनी काठावरच्या स्ट्रोमॅटोलाइटवरून, म्हणजे उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांनी रचलेल्या चुनखडी थरांवरून, हेच दाखवलंय की गेल्या काही हजार वर्षांत तळं उंबऱ्याच्या वर-खाली अनेकदा झालंय. शेवटच्या हिमयुगात तर ते अडीचशे मीटरच्या आसपास खाली होतं.

सध्या मी हॉरच्या मागे आहे. हा मिशनरी आधी जहाजावरचा कप्तान होता, त्यामुळे पाण्याची पातळी मोजणं त्याच्या अंगातच होतं. उजीजीला पोचल्यावर त्याने काठावर खूण करून तळं किती उतरतंय ते टिपायला सुरुवात केली. आमच्याकडे असलेली ही पहिली खरीखुरी मोजणी. अडचण एवढीच की खूण कशाच्या सापेक्ष होती, ते आजच्या किगोमाच्या मोजपट्टीशी जोडायचं आहे, आणि मधे उजीजीची वाळू दीडशे वर्षं हलतेय. लंडनहून काही पानांचे फोटो मागवलेत. ते आले की त्यातली एखादी आकृती इथे दाखवेन.